मी थांबवलेला पोळा

वर्धा जिल्ह्यात जाऊन आलो असं सांगितलं की आमच्या पुण्यातली माणसं लगेच विचारतात, "सेवाग्राम पाहिलंत?" नाही पाहिलं. मी गेलो होतो हिंगणघाटच्या पलीकडे एका खेड्यात, आणि गेलो होतो जमिनीचं थरथरणं मोजायला. एवढं सांगितलं की पुढे कोणी काही विचारत नाही, आणि एका परीने ते बरंच आहे. तिथे मी जे करून आलो ते तोंडाने सांगताना माझी कानशिलं तापतात. लिहिताना निदान समोर कोणी बघत नसतं. गावाचं नाव लिहीत नाही, आणि माझ्या यजमानांचं नाव मी बदललं आहे.

आधी कामाबद्दल थोडं. दूर आकाशात दोन प्रचंड तारे एकमेकांवर आदळले की अवकाशच हेलकावे खातं आणि तो हेलकावा पृथ्वीपर्यंत येतो, असं शास्त्र म्हणतं. त्याला म्हणायचं गुरुत्वलहरी. तोवर त्या कोणाच्या हाती लागलेल्या नव्हत्या. पकडायच्या तर आधी जवळ असं काहीतरी हवं जे अजिबात हलत नाही, आणि या जगात न हलणारं काही नसतंच. समुद्र आपटतो, वारा झाडं हलवतो, ट्रक जातात. जमीन सारखी थरथरत असते, आपल्याला कळत नाही इतकंच. त्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत आम्ही चौरंगाएवढं एक साधन बनवलं होतं. स्प्रिंगांवर तोललेली जाड पोलादी पाटी. तिच्याखाली हालचाल ओळखणारा सेन्सर; त्याला आम्ही 'कान' म्हणायचो. आणि कोपऱ्यांना चुंबक व तारेची वेटोळी; वेटोळ्यांत वीज सोडली की पाटी ढकलली जाते. ते 'हात'. जमीन पाटीला उजवीकडे नेऊ लागली की कानाने ऐकायचं आणि हातांनी लगेच डावीकडे ढकलायचं, म्हणजे पाटी जागच्या जागी. कल्पना इतकी सोपी आहे की ती बिघडवायला माणूस हुशारच लागतो.

पुण्यात आमच्या इमारतीखालून दिवसरात्र वाहनं जात, त्यामुळे साधन चांगलं की वाईट हेच कळेना. एखाद्या निवांत जागी, खडकावर ठेवून बघावं असं ठरलं. माझा सहकारी श्रीधर वर्ध्याजवळच्या नालवाडीचा. त्याचे मामा देवरावभाऊ यांच्या शेतात काळ्या मातीतून खडक वर आला आहे आणि त्यावर दगडी खोली आहे, असं तो म्हणाला. दिवस मी निवडला, कॅलेंडर बघून. पोळा! बैलांच्या मानेवर त्या दिवशी जू नसतं. म्हणजे गाड्या नाहीत, वखर नाहीत, शेतं रिकामी. वर्षातला सगळ्यात स्तब्ध दिवस तोच असणार. आमच्या घरी पोळा म्हणजे पाटावर मांडलेले मातीचे दोन बैल आणि त्यांच्यापुढे नैवेद्य. ते बैल कधी जागचे हलल्याचं मला आठवत नव्हतं.

नालवाडी

श्रीधर स्वतः येऊ शकला नाही, पण त्याच्या आईने मला स्टेशनवरून थेट जेवायला बोलावलं होतं. ताटात सांबारवडी आली. त्या भागात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मसाला लावलेली कोथिंबीर पारीत भरून तळलेली ही वडी मी एकापाठोपाठ एक अशी खाल्ली की माऊलीने तळणं थांबवलंच नाही.

"माह्या भावाले सांभाळून घ्या जी," त्या म्हणाल्या. "साधा मानूस हाय. पाव्हन्याले नाई म्हननं त्याले येत नाई."

मी हसून मान डोलावली. हा इशारा होता हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

गाव

हिंगणघाटला एसटीतून उतरलो तर देवरावभाऊ बैलगाडी घेऊन उभे. पन्नाशीचे, उंच, वांगी-कोबीचा मळा करणारे. गाडीला गवळाऊ जातीची पांढरी जोडी होती, हौश्या आणि चांद्या. गाडीत कडब्याची जाड गादी करून त्यावर त्यांनी माझी पेटी ठेवली आणि स्वतः शेजारी चालत निघाले. वाटेत त्यांनी स्वतःबद्दल फारसं काही सांगितलं नाही. एकच गोष्ट मात्र दोनदा सांगितली.

गावचा दस्तूर असा की पोळ्याच्या संध्याकाळी सगळ्या जोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली जमतात. पहिला मान पाटलाच्या जोडीचा. डफडी वाजतात, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी होतात, पाटील तोरण तोडतात, पोळा 'फुटतो', आणि मानाची जोडी पुढे, बाकीच्या मागे, असे बैल धावत सुटतात. पण पाटलांनी यंदा ट्रॅक्टर घेतला आणि बैल विकून टाकले. मग मान कोणाचा? गावाने पारावर बसून ठरवलं, देवरावची जोडी सगळ्यांत देखणी, मान तिला.

"आमी भाजीवाले," देवरावभाऊ म्हणाले. "आमच्या घरी हा मान कधीच आला नाई. पुढच्या साली पाटील बैल घेतीन, नाईतर दुसऱ्याची जोडी चढीन. हौश्याबी आता म्हातारा व्हून राह्यला. येकडाव तोरनाखालून पहिला पळाला पाह्यजे, बस."

मी "वा वा" म्हटलं. 'पळाला' हा शब्द माझ्या कानावरून गेला, पण माझा जीव पेटीत अडकलेला होता.

खोली खरोखर छान होती. खाली काळा खडक, जाड भिंती, आत कांद्यांचा वास. पेटी उघडली तर प्रवासात एका 'हाता'ची तार तुटलेली. देवरावभाऊंच्या पत्नीने, म्हणजे वहिनींनी, चूल पेटवून दिली, निखाऱ्यात झाळकामाची डागणी तापवून मी ती तार तिथेच जोडली. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. "पुन्याचे लोक घरचं काम करतेत म्हना," असं त्या शेजारणीला म्हणाल्या आणि मी उगाच फुगलो.

बॅटऱ्या लावल्या. सरकणाऱ्या कागदावर शाईची लेखणी पाटीची हालचाल काढू लागली. आणि काय सांगू, लेखणी शांत बसेना. एक बैलगाडी गेली की डोलायला लागायची ती गाडी दिसेनाशी झाली तरी डोलतच राहायची. मी कपाळाला आठ्या घालून बाहेर आलो आणि म्हणालो, "इथे फार गडबड आहे हो."

ज्या गावात दुपारी कुत्रंसुद्धा भुंकायचा कंटाळा करत होतं, तिथे मी हे म्हणालो.

देवरावभाऊंचा चेहरा असा झाला की जणू माझ्या पानात केस निघाला. ते तडक गेले आणि शेजारच्या मळ्यातलं पाण्याचं इंजिन बंद करवून आले. लेखणी डोलतच होती. मग मी पिठाच्या चक्कीवर बोट ठेवलं. सणाच्या तोंडावर, बायका डबे घेऊन रांगेत असताना, त्यांनी चक्कीवाल्याला दुपारभर बंद ठेवायला लावली. लेखणी ढिम्म ऐकेना. मी म्हणालो, धुणं आपटतात ते जवळच आहे का? दुसऱ्या दिवशी बायका धुणी घेऊन लांबच्या नाल्यावर गेल्या. माझ्यासमोरून गेल्या, डोक्यावर गाठोडी घेऊन, आणि एकीनेही तोंड वाकडं केलं नाही. मी त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही. मी घड्याळ बघत होतो. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी शाळेत असताना पाठ केली होती. तिथे मी ती अंगणोअंगणी फिरून करून दाखवत होतो.

खांदशेकणी

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. देवरावभाऊंनी हौश्या-चांद्याच्या मानेला, जिथे वर्षभर जू घासतं तिथे, तूप आणि हळद चोळली, गरम पाण्याने शेक दिला, आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." इतक्या अदबीने मला आयुष्यात कोणी जेवायला बोलावलेलं नाही. वहिनींनी शिंगांसाठी बेगड आणलं होतं, पाठीवर टाकायच्या नव्या झुली होत्या, त्यांना आरसे लावलेले. एक झूल वहिनींनी स्वतः उन्हाळाभर बसून शिवली होती.

मी पडवीत बसून गरम भजी खात होतो. सहज विचारलं, "उद्या किती बैल जमतात?"

"अवघ्या गावाचे. शंभराच्या वर भरतीन."

"आणि ते पळतात?"

"पळतेत म्हंजे! धरनी हालते."

माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं. मी त्यांना सांगितलं की उद्याच्या संध्याकाळीच मला शांतता हवी आहे, तेवढ्यासाठीच पुण्याहून आलो, आणि तोरण तर खोलीपासून हाकेच्या अंतरावर. मी काही मागितलं नाही, हे मात्र खरं. नुसता उसासा टाकला, "राहू दे, माझं नशीब," असं म्हटलं आणि भज्यांची ताटली बाजूला सारली. मागण्यापेक्षा हे वाईट. पाहुण्याने ताटली सारली की त्या घरात काय होतं हे मला कळायला हवं होतं.

देवरावभाऊ थोडा वेळ हौश्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. मग टोपी घालून पाराकडे गेले. मीही मागोमाग गेलो, कारण ते म्हणाले, "चाला, तुमीबी सांगा तारकायचं."

पारावर बरीच वादावादी झाली. देवरावभाऊ हात जोडून सांगत होते, "हे काम आकाशातल्या तारकायचं हाय. गावाचं नाव व्हईन. यंदा पोळा फोडाचा नाई, डफडं नाई, झडत्या नाई. तोरनाखाली उभं राह्याचं, पूजा कराची, अन् बैल हातानं घरी न्याचे."

"मान भेटला अन् पोळाच बंद पाडला का बे, देवराव?" एक म्हातारा म्हणाला.

"मान माहाच गेला नं? मग तुमाले काय दुःख?"

पाटील म्हणाले, "देवराव आपला मान सोडून राह्यला, तर आपन येक साल पळनं सोडू." ठरलं. मी सगळ्यांचे आभार मानले आणि गुरुत्वलहरींबद्दल लहानसं भाषणही केलं. परत येताना माझ्या मनात लाजेचा लवलेश नव्हता. आपल्याला लोक किती मानतात याचंच मला समाधान होतं.

पोळा

संध्याकाळी मी खोलीत एकटा होतो. खिडकीच्या फटीतून तोरण दिसत होतं. रांगेने बैल उभे, गेरूचे ठिपके, झुली, मोरपिसं. सगळ्यांच्या पुढे हौश्या आणि चांद्या. आणि एवढा मोठा जमाव चूप. डफडं वाजवणारे डफडी काखेत मारून उभे. कोणाचं पोर रडलं की आई त्याला पदराखाली घेऊन लांब जाई. शंभरावर बैल आणि सबंध गाव माझ्यासाठी श्वास धरून उभं होतं.

लेखणी डोलत होती.

जमीन गप्प होती, माणसं गप्प होती, आणि लेखणी लयीत, संथपणे, वाढत वाढत डोलत होती. मी पाटीकडे बघत राहिलो. मग जे पहिल्याच दुपारी करायला हवं होतं ते केलं. 'हातां'ची वीज बंद केली. लेखणी दोन-तीन हेलकावे घेऊन कागदाच्या मधोमध सरळ रेघ काढू लागली.

चुलीवर डागणी तापवून जोडलेल्या त्या तारेची टोकं मी उलटी जोडली होती. पाटी उजवीकडे झुकली की तिला डावीकडे ढकलायचं, तर माझा तो हात तिला आणखी उजवीकडे ढकलत होता. इंजिन, चक्की, धुणी, बैल, कोणाचाही काही संबंध नव्हता. सबंध गावात हलत होतो तो मी एकटा. त्यावर कडी म्हणजे या साधनाचं कामच मुळी जमीन हलत असताना पाटी स्थिर ठेवणं हे होतं. ते धड जोडलं असतं तर खुशाल शंभर बैल धावू देत. तीच त्याची खरी परीक्षा ठरली असती. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

आणि मग वाटलं, अजून वेळ गेलेली नाही. बैल तोरणाखालीच आहेत.

मी धावत सुटलो. चिखलात चप्पल राहिली, अनवाणी पोचलो. देवरावभाऊ अगदी समोर, हौश्याचा कासरा धरून उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या, काय झालं असं नजरेनेच विचारलं. त्यांच्या कानात दोन शब्द सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण मला तेवढा धीर नव्हता. मला ती लाज अंगावरून काढून फेकायची होती, आणि सगळ्यांसमोर फेकली तर माझा मोठेपणा दिसेल असंही कुठेतरी वाटत असणार. मी पाराच्या ओट्यावर चढलो आणि मोठ्याने म्हणालो, "मंडळी, मला माफ करा! चूक माझी आहे. मीच तार उलटी जोडली होती. तुमच्या आवाजाने काही बिघडत नव्हतं. पोळा थांबवायची काही गरज नव्हती!"

उचलली जीभ लावली टाळ्याला. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हंजे देवरावनं उलट्या तारेपाई अख्खा गाव बांधून ठेवला?" आणि हशा उसळला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्यावर कोणी हसलं नाही. मी परका, शहरातला, माफी मागितलेला. हसले ते देवरावभाऊंवर. "तारकायचं काम हाय म्हने! कर नमस्कार, देवराव, तारेले!"

पाटील ओरडत होते, "थांबा, तोरन तोडू द्या, पहिले मानाची जोडी..." पण रोखून धरलेलं गाव आता कोणाच्या ऐकण्यात नव्हतं. डफडी एकदम कडाडली. मागच्या तरण्या पोरांनी कासरे सोडले, तोरण कोणी ओढलं कोणालाच कळलं नाही, आणि बैल दोन्ही अंगांनी उधळत पुढे गेले. हौश्या बिचकला, बाजूला झाला. देवरावभाऊ त्याच्या गळ्याला मिठी मारून उभे राहिले, नाहीतर तो कोणाच्या शिंगावर गेला असता. सगळे गेल्यावर त्यांनी जोडीला हाताने धरून घराकडे चालवत नेलं.

वहिनी दारात पाण्याचा तांब्या आणि आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. मानाची जोडी सर्वांत आधी येणार म्हणून त्या केव्हाच्या तयार होत्या. त्यांच्यासमोरून दुसऱ्यांच्या जोड्या धावत गेल्या होत्या.

"आपली जोडी मांगून काऊन आली?" त्यांनी विचारलं.

"ओवाळ," देवरावभाऊ म्हणाले.

वहिनींनी बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणाची पोळी भरवली. मग मला वाढलं. त्या भागात पुरणपोळी जाड असते आणि तुपाची वाटी शेजारी ठेवतात. पोळी तीत बुडवून खायची. वाटी रिकामी झाली की वहिनी भरत होत्या. मला नको म्हणायचंही तोंड नव्हतं. देवरावभाऊ माझ्याच पंगतीला बसले होते, आणि अधूनमधून "घ्या जी, घ्या," एवढंच म्हणत होते. बाहेरून जाणारं कोणीतरी मोठ्याने "काय बे, उलटी तार!" असं ओरडलं आणि हसत पुढे गेलं. वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. त्यांनी ताटावरून मान वर केली नाही.

हिंगणघाट

सकाळी मी तारेची टोकं बदलली. एक बैलगाडी खोलीला घासून गेली, चाकं खडकावरून खडखडली, आणि लेखणीने केसाएवढाही वळसा घेतला नाही. इतकं चांगलं काम आमच्या साधनाने पुण्यात कधी केलं नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. मी पेटी बंद केली.

स्टँडवर देवरावभाऊ सोडायला आले. मला एसटीत खिडकीजवळ बसवलं, पेटी माझ्या शेजारी नीट ठेवली, वहिनींनी दिलेली वांग्यांची पिशवी पायाशी सरकवली. मग खाली उतरून खिडकीशी आले. मी म्हणालो, "देवरावभाऊ, माझं फार चुकलं. तार मी..."

"तारेचं काय घेऊन बसले, साहेब," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तार कोनाचीबी उलटी लागते. त्याचा मले राग नाई. पन तुमी धावत आले तवा मी समोरच उभा होतो नं? पहिले मले सांगाचं होतं. मी गावाले सांगतलं असतं, माह्या तोंडानं, अन् जोडी घेऊन तोरनाखालून निंगालो असतो. तुमाले मोकळं व्हाचं होतं. तुमी झाले मोकळे."

मी पेटीवर दोन्ही हात ठेवून बसलो होतो.

त्या बाजूला पाहुण्याला पोचवायला आलेला माणूस गाडी हलेपर्यंत खिडकीची दांडी धरून उभा राहतो. सगळ्या खिडक्यांशी तशी माणसं उभी होती, बोलणं संपलं तरी उभी होती. देवरावभाऊंनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि ते निघून गेले. गाडी सुटायला अजून बराच अवकाश होता.